पाटीवर काय लिहू? सांगली-मिरजेच्या डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
सांगली, मिरज, कुपवाड आणि आसपासच्या तालुक्यांतले सर्व डॉक्टर

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या दवाखान्याची रंगरंगोटी झाली. सरांनी प्रत्येक दारावर नवी पाटी लावायचं ठरवलं. पाटीवाला पोरगा मोबाईलमध्ये नावं टाइप करत फिरत होता. तपासणी कक्ष, रक्त तपासणी, औषधे, स्वच्छतागृह. माझ्या दाराशी आला आणि थांबला. "मॅडम, तुमच्यासाठी काय टाकू?" मी म्हटलं, उद्या सांगते. त्याला आता तीन आठवडे होत आले. स्वच्छतागृहाची पाटी लागली, माझी नाही.

मधुमेहाच्या पेशंटना जेवण, इन्सुलिन आणि पायांची काळजी शिकवायचं काम सोळा वर्षं करते आहे. गृहविज्ञानाची पदवी, आहारशास्त्राची पदविका आणि त्यावर मधुमेहाचा कोर्स. पण मला माझ्या शिक्षणावरून कुणी हाक मारत नाही. सिस्टर म्हणतात, मी नर्स नाही. डाएटवाल्या मॅडम म्हणतात, शुगरच्या बाई म्हणतात, मध्यंतरी काही दिवस, इन्सुलिनचं पेन शिकवायचे म्हणून, पेनवाल्या मॅडम होते. कवठेमहांकाळच्या एक आजी 'सुईची पोरगी' म्हणायच्या, ते मात्र मला आवडायचं. तुमच्यातले बरेच जण चिठ्ठीवर नुसतं 'डाएट' असा एक शब्द लिहून पाठवता. त्या एका शब्दावरून पेशंट काय शिकायला आलाय हे ओळखायचं, हा माझ्या कामाचा पहिला भाग.

हे पत्र पाटीच्या निमित्तानं लिहितेय, पण तक्रार पाटीची नाही. आधी एक प्रसंग सांगते.

जत तालुक्यातले एक आप्पा. साठी ओलांडलेली. पायाच्या जखमेसाठी एका दवाखान्यात आठ दिवस राहून घरी गेले. जाताना रात्री १६ युनिट इन्सुलिन लिहून दिलं होतं. तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला घामानं अंथरूण भिजलेलं, बोलणं असंबद्ध. सुनेनं साखरपाणी पाजलं. गिळण्याइतकी शुद्ध होती म्हणून निभावलं. दुपारी जीप करून सगळे आमच्याकडे आले. सुनेनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून सगळं टेबलावर ओतलं: कागद, गोळ्या, बाटली, सिरिंजा. मी म्हटलं, "आप्पा, घरी घेता तसंच भरून दाखवा."

आप्पांनी चष्मा पुसला, सिरिंजचं लाल टोपण काढलं आणि अगदी काळजीपूर्वक, हवेचा एक बुडबुडाही न ठेवता, १६ च्या रेघेपर्यंत भरलं. "बगा. येक रेघ बी इकडं तिकडं न्हाई."

खरंच नव्हती. पण बाटली होती एका मिलीला १०० युनिटची आणि लाल टोपणाची सिरिंज असते मिलीला ४० युनिटच्या बाटलीसाठी. तिच्यात १६ च्या रेघेपर्यंत भरलं की ०.४ मिली होतं. ४० च्या बाटलीतून ते १६ युनिट, १०० च्या बाटलीतून ४०. म्हणजे अडीच पट. आप्पा तीन रात्री अडीच पट इन्सुलिन घेत होते, तेही अगदी अचूक.

यात चूक कुणाची, सांगा. डॉक्टरांनी १६ बरोबर लिहिलं होतं. दुकानदाराकडे इन्सुलिनची सिरिंज मागितली, ती त्यानं दिली. वॉर्डातल्या सिस्टरनं घरी सोडतानाच्या गर्दीत 'रात्री एकदा' असं दोनदा बजावलं होतं, सुनेला ते पाठ होतं. फक्त 'मला भरून दाखवा' असं म्हणणारं माणूस त्या साखळीत कुठं नव्हतं. ते माणूस म्हणजे मी. त्या माणसाला काय म्हणायचं, एवढाच प्रश्न आहे.

तुम्हाला हे नवं खूळ वाटत असेल तर थोडं मागे जाऊ. बोस्टनचे डॉ. एलियट जोस्लिन इन्सुलिन यायच्या आधीपासून सांगत होते की या आजारात पेशंटला शिकवणं हाच उपचार आहे. १९१८ साली त्यांनी पेशंटसाठी वेगळं पुस्तक लिहिलं. १९२२ च्या जानेवारीत टोरंटोत चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं आणि एक नवीनच अडचण उभी राहिली: औषध रोज, घरी, स्वतःच्या हातानं घ्यायचं. मग जोस्लिन यांनी नर्स तयार केल्या, त्या पेशंटच्या घरी जाऊन शिकवायच्या. आमच्या धंद्याची सुरुवात ही. १९७३ साली अमेरिकेत या लोकांची संघटना झाली, १९८६ पासून प्रमाणपत्राची परीक्षा सुरू झाली आणि 'डायबेटीस एज्युकेटर' हे नाव रूढ झालं.

२०२० च्या जानेवारीत त्यांनी ते नाव सोडलं. संघटनेचं बदललं, प्रमाणपत्राचंही बदललं. आता म्हणतात 'डायबेटीस केअर अँड एज्युकेशन स्पेशालिस्ट'. 'केअर' आधी, 'एज्युकेशन' नंतर. तोंडात बसायला जड आहे, पण कारण पटण्यासारखं आहे. 'एज्युकेटर' म्हटलं की लोकांना वर्ग, फळा आणि तक्ते दिसतात. प्रत्यक्षात काम कधीच त्यापुढं गेलेलं.

माझंच बघा. मी लागले तेव्हा दोन गोष्टी करायचे. ताटाचं चित्र दाखवायचं आणि सुई टोचायला शिकवायचं. आज सकाळी पहिला पेशंट आला तो दंडावर साखर मोजणारा सेन्सर लावून. १४ दिवसांचा आलेख. ७० ते १८० च्या मधे किती वेळ राहिली साखर, तो वेळ ७० टक्क्यांच्या वर गेला का, पहाटे तीनला खड्डा का पडतोय. रेघ बघून मी विचारलं, "रात्री जेवण किती वाजता?" तर हा द्राक्षबागेत औषध फवारून अकराला जेवतो आणि गोळी मात्र आठला घेतो, कारण कागदावर 'रात्री ८' लिहिलंय. दुसऱ्या बाई पोटावर एकाच जागी चार वर्षं टोचत होत्या. तिथं लिंबाएवढी गाठ. गाठीत टोचलं की दुखत नाही म्हणून तीच जागा बरी वाटायची, आणि इन्सुलिन कधी लागू पडायचं, कधी नाही. डोस दोनदा वाढवून झाला होता. कपडा बाजूला करून हात लावून बघितलं असतं तर वाढवायची वेळ आली नसती. हे मी कुणाला लागेल असं म्हणत नाही. ओपीडीत ऐंशी पेशंट असताना तुम्ही प्रत्येकाचं पोट कधी चाचपणार?

शिवाय पाय. हळद शिजवायच्या दिवसांत एका मावशींचा तळवा निखाऱ्यावर पडला, त्यांना कळलंच नाही. चौथ्या दिवशी लेकाला वास आला. त्यानंतर मी प्रत्येकाला आरसा जमिनीवर ठेवून तळवे बघायला लावते, आणि तळव्याला स्पर्श कळतो का ते तपासायचा, दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा माझ्या खणात कायम असतो.

आणि पूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली, तेव्हा वीज नव्हती, फ्रीज बंद, औषधांची दुकानं पाण्यात. चार दिवस मला जितके फोन आले तितके सोळा वर्षांत आले नाहीत. सगळ्यांचा प्रश्न एकच: इन्सुलिन खराब झालं का? वापरात असलेली बाटली साधारण चार आठवडे उन्हापासून लांब, गार जागी फ्रीजबाहेर चालते. ओल्या कपड्यात गुंडाळलेल्या मडक्यात ठेवा, पिशवी बांधून, पाणी लागू देऊ नका. एवढंच सांगायचं होतं. पण ते सांगायला कुणीतरी फोन उचलायला हवा होता. हे 'डाएट' नव्हे. हे 'शिक्षण' तरी आहे का, मला माहीत नाही.

मग पाटीवर काय लिहायचं? तीन आठवडे मी हेच चघळतेय.

'समुपदेशक' लिहावं असं आधी वाटलं. पण आपल्याकडे हा शब्द लोकांनी सरकारी दवाखान्यातल्या एचआयव्हीच्या खोलीवर वाचलाय. पूर्वी माझ्या टेबलावर ही पाटी काही दिवस होती. एका बाईंनी दारातूनच नवऱ्याला मागं ओढलं आणि मला हळूच विचारलं, "ताई, ह्यांना तसलं काय झालंय का?" पाटी त्याच दिवशी कपाटात गेली. 'मार्गदर्शक' म्हटलं की स्पर्धा परीक्षेचं पुस्तक वाटतं. 'कोच' म्हणजे ॲपवाले. दुसऱ्या राज्यातून फोन करून सांगतात, नाश्त्याला ओट्स घ्या. समोरचा माणूस सकाळी सातला भाकरी-खर्डा खाऊन शेतावर पोचलेला असतो.

'ताई' बरं, असं सरांनी सुचवलं. मधुमेह ताई. प्रेमाचं आहे, मान्य. पण माझ्या चुलत बहिणीची सून आशा कार्यकर्ती आहे. 'आशाताई' म्हणून सगळा गाव हाक मारतो, रात्री दोनला बाळंतिणीला घेऊन तीच जाते, आणि कागदावर ती स्वयंसेविका, म्हणून तिला पगार नाही, मोबदला आणि मानधन. अंगणवाडीतली 'सेविका', तिचंही तेच. आपल्याकडे बाईच्या कामाला नातं किंवा सेवा जोडली की पगारपत्रक मिटवून ठेवता येतं. तेव्हा 'ताई' तोंडानं म्हणा, पाटीवर नको.

'तज्ज्ञ' वर तुम्ही हरकत घ्याल, आणि खरं सांगू, मीही घेईन. 'मधुमेहतज्ज्ञ' ही पाटी एमडी झालेल्या माणसाची. मी ती लावली तर एखादा भोळा पेशंट मला डॉक्टर समजेल आणि उद्या कुणी आठवड्याचा ऑनलाइन कोर्स करून तीच पाटी लावेल. अमेरिकेत 'स्पेशालिस्ट' चालतं, कारण त्या शब्दाच्या मागं परीक्षा आहे, प्रमाणपत्र आहे, ठराविक वर्षांनी नूतनीकरण आहे. आपण शब्द तेवढा आणायचा आणि मागचं सगळं तिकडंच ठेवायचं, हे मला पटत नाही.

राहिलं 'शिक्षिका'. या शब्दावर माझा स्वतःचा राग आहे, कारण शिक्षिका म्हटलं की समोरचा विद्यार्थी होतो आणि परीक्षेला बसतो. परवा एक काका साखरेची वही घेऊन आले. तीन आठवड्यांचे आकडे, सगळे ११८ ते १२५. एकाच पेनानं, एकाच शाईत, एकाच तिरकेपणानं. अक्षर मधेमधे हललेलं, म्हणजे एसटीत बसून लिहिलेलं. मी मीटरची मेमरी उघडली. २४०, २६८, २३१. काका खाली बघून म्हणाले, "बाई, तुमी वरडशीला म्हणून." मी वहीवरच्या तारखा विचारत बसले नाही. त्या तीन आठवड्यांत लेकीचं लग्न होतं. दोनशे माणसांत ह्यांनी बुंदी वाढली आणि खाल्लीही. खरे आकडे आणले असते तर आपण बरंच काही करू शकलो असतो.

तरीही पाटीवर मी 'मधुमेह शिक्षिका' हेच लिहायचं ठरवलंय. का, ते सांगते. २०२१ साली संसदेनं सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसायांचा राष्ट्रीय आयोग कायदा केला. फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ, लॅब टेक्निशियन अशा कितीतरी लोकांची नावं त्याच्या अनुसूचीत आहेत. त्यातच, आरोग्य शिक्षकांच्या ओळीत, मधुमेह शिक्षकांचं नाव आहे. स्पष्ट, नावानिशी. मी ती ओळ मोबाईलवर मोठी करून दोनदा वाचली. कायद्यात राज्य परिषद आहे, नोंदवही आहे, नोंदणीशिवाय काम करू नये असं आहे. तिकडं अमेरिकेत त्यांनी २०२० साली 'एज्युकेटर' नावाचं जे घर सोडलं, त्याच्या दारावर आपलं नाव २०२१ साली लागलंय. सोडायचं की नाही हे पुढं बघू, आधी आत तरी जाऊ. बाकीची सगळी नावं कुणीही रंगवून घेऊ शकतो. या एका नावाला उद्या नंबर मिळेल आणि नंबर असला की विचारता येतं, बाई, तुमचा नंबर काय?

आता कटू भाग. सुरुवातीची साडेतीन वर्षं माझा पगार एक औषध कंपनी द्यायची. दवाखान्यात बसायचे, डॉक्टरांना फुकट पडायचे, पेशंटला मी दवाखान्याचीच वाटायचे. कंपनीनं कधी तोंडानं सांगितलं नाही की आमचंच पेन द्या. फक्त महिन्याच्या शेवटी किती नवीन पेशंट पेनवर गेले, हे एका तक्त्यात भरायचं असायचं. तक्ता पुरेसा बोलतो. बाटली आणि सिरिंज ज्याला परवडते आणि जमते, त्याला ती शिकवायला मला कमी वेळ मिळायचा, आणि हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षं लागली. माझी मला लाज वाटते. पण तुमच्यातल्या कितीजणांच्या दवाखान्यात आज बसलेली मुलगी कुणाच्या पगारावर आहे, हे पेशंटला माहीत आहे? त्या मुली वाईट नाहीत. हुशार आहेत, मेहनती आहेत, त्यांच्यापुढं दुसरी नोकरीच नाही. कारण आमच्या अर्ध्या तासाचा आकडा तुमच्या बिलात कुठंच नसतो. तुमची फी असते, लॅबची असते, ड्रेसिंगची असते. माझं 'फुकट' असतं. आणि फुकट दिलेलं पेशंटही फुकटचंच समजतो: "ते काय, बाई जरा बोलत्यात."

तेव्हा मागणं असं आहे. माझ्या वेळेचे पैसे बिलात वेगळे दाखवा. थोडे असू देत, शंभर असू देत, पण दाखवा. पगार दवाखान्यानं द्यावा. पेशंट पाठवताना 'डाएट' ऐवजी कशासाठी पाठवताय ते चार शब्दांत लिहा, आणि मी परत जे लिहून पाठवते ते फाईलमध्ये लावा. आत्ता माझी टिपणं पेशंटच्या पिशवीत राहतात आणि शेंगदाण्याच्या पुडीला जातात. सगळेच पेशंट पाठवायची गरज नाही, तुमची ओपीडी अडेल. निदान झालं तेव्हा एकदा, मग वर्षातून एकदा, डोळा-पाय-किडनीचं काही नवीन उद्भवलं तेव्हा, आणि दवाखान्यातून घरी जाताना किंवा उपचार बदलताना. अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचनांत याच चार वेळा मानतात. आप्पा चौथ्या वेळेला निसटले होते.

ऐकू येतंय मला, कुणीतरी म्हणतंय, या बाया उद्या प्रॅक्टिस करायला लागतील. मी निदान करत नाही, गोळी बदलत नाही. आमच्या सरांनी सहीनिशी एक कागद दिलाय: उपाशीपोटीची तीन दिवसांची साखर ठरलेल्या आकड्याच्या वर राहिली तर दोन युनिट वाढवायला सांगायचं, ७० च्या खाली एकदा जरी गेली तर कमी करायचं आणि त्याच दिवशी सरांना फोन. त्या कागदाच्या बाहेर मी पाऊल टाकत नाही. त्यामुळं सरांचे फोन निम्म्यावर आलेत, हे ते स्वतःच सांगतात. तुम्हालाही असा कागद करता येईल. त्यात तुमचा अधिकार जात नाही, तो तुमच्याच अक्षरात माझ्या टेबलावर येतो.

मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली दवाखाना उभारला, तेव्हापासून कर्नाटकातून, कोकणातून माणसं उपचाराला या गावात येतात. ऑपरेशनसाठी येतात, एमआरआयसाठी येतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीत देशात १० कोटी १० लाख मधुमेही निघाले, आणखी १३ कोटी ६० लाख उंबरठ्यावर. त्यातले आपल्या जिल्ह्यात किती, ते तुमच्या बाकड्यांवर रोज दिसतंच. एवढे तज्ज्ञ, एवढी यंत्रं असलेल्या गावात सिरिंज भरून दाखवायला लावणारी माणसं मात्र बोटावर मोजण्याइतकी, आणि त्यातल्या तिघी पॅसेजमध्ये बसतात. मीसुद्धा सात वर्षं वजनकाट्याशेजारी बसून शिकवलं. पोटाची गाठ तिथं कोण दाखवणार?

आता मला खोली आहे, दार आहे. काल पाटीवाल्याला फोन केला. 'मधुमेह शिक्षिका' टाक म्हटलं, आणि त्याखाली एक ओळ मोकळी सोड.

"मोकळी कशाला मॅडम? डिझाइन बिघडतंय."

नोंदणी क्रमांक यायचाय, म्हटलं.

"कधी येणार?"

ते मी त्याला सांगू शकले नाही. त्यानं मोकळ्या ओळीचे पैसे लावले नाहीत. पाटी शुक्रवारी येतेय.

आपली नम्र,
तुमच्याच गावातली, चिठ्ठीवर 'डाएट' लिहून जिच्याकडे पाठवता ती